चांगली स्लाइड

"सर, जरा येऊन बघता का?" सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढताच डॉक्टरीणबाईंनी हाक मारली.

प्रयोगशाळेचे प्रमुख चहाचा कप घेऊनच आले, वाकून बघू लागले आणि चहा प्यायचाच विसरले. एका बाईच्या स्तनातल्या गाठीचे दोन पातळ काप काचेवर लावलेले होते. एकावर रक्तवाहिन्या रंगवलेल्या, दुसऱ्यावर वाढत्या पेशी. गाठीने स्वतःच्या पोटापाण्यासाठी रक्तवाहिन्यांचं जाळं उभं केलं होतं, आणि जिथे जाळं दाट, तिथेच पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार होत सुटल्या होत्या. डॉक्टरीणबाईंना आपल्या लेखात नेमकं हेच दाखवायचं होतं. इतका स्पष्ट नमुना वर्षभरात हाती लागला नव्हता.

"नशीब काढलंस," सर म्हणाले. "पहिल्या पानावर हाच फोटो. आता पार्टी दिल्याशिवाय आम्ही तुला सोडणार नाही."

या कामात हे असंच चालतं. बाकीचं जग ज्याच्या नावाने धसका घेतं, त्याला ही मंडळी 'चांगली स्लाइड' म्हणतात, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

समोरच्या बेकरीतून केक आला. सुरी सापडेना म्हणून पट्टीने कापला. बारीक काप पाडण्यात तिथे सगळेच तरबेज, तरी तुकडे वेडेवाकडे झाले आणि हशा पिकला.

तेवढ्यात दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. शिंपी असावेत, मापाची टेप गळ्यातच राहिली होती. "आमच्या हिच्या रिपोर्टचं विचारायचं होतं. खाली खिडकीत कुणीच नाही, सगळे वर गेलेत असं दारावरचा शिपाई म्हणाला."

"या ना आजोबा. आधी तोंड गोड करा." हसण्याच्या भरात डॉक्टरीणबाईंनी एक तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.

आजोबांचा चेहरा उजळला. दुसऱ्या हाताने त्यांनी पावती पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी नंबर पाहिला. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर तोच नंबर होता. त्यांनी पावती घेऊन सरांना दाखवली.

"मला वाटलंच होतं, वाईट काही निघायचं नाही," आजोबा तुकडा रुमालात गुंडाळत म्हणाले. "हा तिलाच नेतो. तिच्या आधी मी खाल्ला तर महिनाभर ऐकून घ्यावं लागेल."

सरांनी आपली बशी हळूच फायलींमागे सरकवली. डॉक्टरीणबाईंच्या बोटांना क्रीम लागलं होतं. तो हात कुठे लपवावा हे त्यांना कळेना, इतकी त्यांना स्वतःची लाज वाटली.

"बसा, आजोबा." त्यांनी खुर्ची ओढली. "रिपोर्ट चांगला नाहीये. गाठ कॅन्सरची आहे, आणि भराभर वाढतेय."

आजोबा बसले. शिवण तपासावी तसा रुमालाच्या घडीवरून अंगठा फिरवत राहिले. मग टेबलावर उरलेल्या तुकड्यांकडे बघत त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"मग हा केक कशाचा?"