हस्तिदंती मूठ

"प्रत्येक गोळीला घोडा अंगठ्यानं मागे ओढावा लागतो, बाई. टीव्हीचा रिमोट नव्हे हा!" डेल्बर्ट म्हणाला.

जन्मभर लोकांचे दात उपटून निवृत्त झालेला हा माणूस गेल्या वर्षी रुंद कडांची टोपी अन् उंच टाचांचे बूट विकत घेऊन एकदम काउबॉय झाला होता. आमच्या ॲरिझोनातल्या नेमबाजी क्लबात दर शनिवारी तो ओलेटाला अशी अक्कल शिकवायचा.

बहात्तर वर्षांच्या ओलेटानं सावकाश, एकेक करत पाच गोळ्या झाडल्या. पाचही लोखंडी तबकड्या ठणठणल्या, आणि ती शाळकरी पोरीसारखी खुदकन हसली.

डेल्बर्टचा डोळा मात्र तिच्या जुन्या, हस्तिदंती मुठीच्या रिव्हॉल्व्हरवर होता. "असली वस्तू बायकांच्या हातात शोभत नाही हो. मला विकून टाका."

"माझा नवराही हेच म्हणायचा," ओलेटा म्हणाली. "एक्केचाळीस वर्षं मला या रिव्हॉल्व्हरला हात लावू दिला नाही. घटस्फोट झाला तेव्हा घर त्याला देऊन टाकलं, आणि मी एवढंच मागून घेतलं."

"अरेरे! म्हणजे बिचाऱ्याला पुन्हा कधी बघायलासुद्धा मिळालं नसेल."

 

"मिळतं की! दर आठवड्याला साफ करायला त्याच्याकडेच टाकते."