सरळ पोवाडा

माझे वडील, अप्पा, फोर्टातल्या एका हॉटेलात क्लॅरिनेट वाजवत. आयरिश नाचाच्या चाली, स्पॅनिश टाळ्यांचा ठेका आणि जाझ यांचं त्यांनी स्वतःचं एक मिश्रण केलं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना ते लालबागच्या कलापथकात बसत आणि पोवाड्याच्या दर कडव्यानंतर तेच वाजवत, तेही मनसोक्त. शाहीर कुशाबा वैतागत. "अप्पा, आपण मुंबई मागतोय, स्पेन नाही."

अप्पा गेल्यानंतरच्या पहिल्या सभेत कुशाबांनी पथकाला बजावलं, "आज पोवाडा सरळ म्हणायचा. मधे काही नको."

मी बायकांत पुढे बसले होते. अप्पांचं वाजवणं अजून कुठे उरलं असेल तर ते या पोवाड्यात, असं मला वाटत होतं. आता तेही जाणार होतं.

पहिलं कडवं संपलं आणि कुशाबा डोळे मिटून थांबले. डफवाला थांबला, मागचे झीलकरीही थांबले. पुढचं कडवं कोणीच उचलेना.

 

बऱ्याच वेळाने, डोळे न उघडताच, कुशाबा अप्पांच्या जागेकडे वळून म्हणाले, "आवरा आता अप्पा, लोकांना सकाळी पाळीवर जायचंय."