ढोलीतली बाई

बेहडा पडला की भिकाजी खोतांच्या घराच्या माळ्याला फळ्या मिळणार होत्या, वर्षाचं सरपण उरणार ते वेगळंच.

तोडायला आलेल्या बारक्या पवाराने रिवाजाप्रमाणे बुंध्याशी नारळ ठेवून हात जोडले. "बाबांनो, झाडावर जे कोण राहत असाल, त्यांनी दुसरीकडे बिऱ्हाड करा." पाखरं भुर्रकन उडाली.

कुंपणापलीकडून शेवंतीकाकी ओरडली, "अरे, ढोलीतली बाई कशी जाईल? तिने आतून दार लिंपून घेतलंय. नवरा बाहेरून भरवतो तिला."

"काकीची गोष्ट म्हणजे मूठभर तांदळाचा टोपभर भात!" खोत हसले. "घाल रे घाव."

बारक्याने कुऱ्हाड उचलली आणि डोक्यावर कुणीतरी लोहाराचा भाता ओढावा तसा आवाज झाला. भलामोठा धनेश पंख मिटून ढोलीपाशी बसला. ढोलीचं तोंड खरंच लिंपलेलं होतं, बोटभर फट तेवढी उघडी. फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं. धनेशाने गळ्यातून पिकलेलं उंबर काढून अलगद त्या टोकात ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. खोतांना हिशेबाची सवय, ते मोजत राहिले. सतराव्या उंबरानंतर मोजायचंही विसरले.

"पिल्लं उडेपर्यंत राहू दे," ते देवळात बोलावं तसं हळू म्हणाले.

"आणि मी थापाडी!" काकी पुटपुटली.

बारक्याने मात्र कुऱ्हाड नारळाशेजारी ठेवून दिली. वीस वर्षं तो हीच विनंती करून ढोलीची झाडं पाडत आला होता. खोतांच्या फळ्या नुसत्या लांबल्या होत्या. त्या झाडांच्या लिंपलेल्या ढोलींतून ज्यांना निघता आलं नव्हतं, त्यांनी जीव देऊन सगळं आधीच चुकतं केलं होतं.