धक्क्यावरची आठवी जागा

"उजवीकडे मगर," ओदिलिया म्हणाली, आणि होडीतले सहाही प्रवासी एकदम उजवीकडे झुकले. "अहो, झुकू नका. ती झोपलीय. तुम्ही पडलात तर उठेल."

हशा पिकला. ओदिलियाचं लक्ष मात्र मगरीकडे नव्हतं. सहा वर्षांची सुलेमा होडीच्या टोकाला पाय सोडून बसली होती, आणि ओदिलियाने एका हातात तिच्या फ्रॉकचा पट्टा घट्ट धरला होता. पोरगी वैतागून म्हणाली, "आई, मी काही बकरी नाही."

"बकरीला अक्कल असते. ती मागे सरकून बसते."

खारफुटी मागे पडली, गुलाबी बगळ्यांचं बेट मागे पडलं, आणि जिथे खाडी समुद्राला मिळते तिथल्या खडकावरचा पांढरा क्रूस दिसू लागला. त्याच्यावर नेहमीसारखा एक पेलिकन बसला होता.

"हा कुणाचा?" पुएब्ला शहरातून आलेल्या बाईने विचारलं.

"एलिसेओ नावाच्या कोळ्याचा. तीन वर्षांपूर्वी होडी परत आली, तो आला नाही."

मगरी, बगळे, कासवांचा किनारा आणि हा क्रूस. पुंता गार्सा गावात आलेल्या माणसाला एवढं दाखवावंच लागायचं, आणि 'होडी परत आली, तो आला नाही' हे वाक्य ओदिलिया दिवसातून चारदा म्हणायची.

"तो माझा बाबा," सुलेमाने सांगून टाकलं.

बाईने हातातला झेंडू पाण्यात सोडला आणि डोळे पुसले. ओदिलिया पोरीच्या टोपीची नाडी उगाचच पुन्हा बांधत बसली. उतरताना त्या बाईने अवघडत विचारलं, "इथे फोन कुठे लागतो हो?"

"दीपगृहाच्या टेकडीवर. नाहीतर धक्क्याच्या अगदी टोकाला. मध्ये कुठेच नाही."

धक्क्याच्या टोकाला सकाळपासून लगबग होती. समुद्रात बुडून गेलेल्यांच्या आठवणीचा दिवस होता. केळीच्या खांबांची कमान उभी राहिली होती, झेंडूच्या पाकळ्यांची वाट थेट पाण्यात बुडालेल्या शेवटच्या पायरीपर्यंत गेली होती. कमानीखाली सात फोटो. प्रत्येकापुढे पाण्याचा पेला, मीठ, गोड पाव. सातव्या फोटोशेजारी एक जागा रिकामी होती आणि ओदिलियाची सासू, कास्तुला, ती जागा ओल्या फडक्याने पुसत होती.

"यंदा तरी ठेव, पोरी," ती मान वर न करता म्हणाली. "बायकोने हो म्हटल्याशिवाय ठेवता येत नाही, नाहीतर मी केव्हाच ठेवला असता."

"आई, जिवंत माणसाचा फोटो मेलेल्यांत ठेवत नाहीत. तुम्हीच शिकवलंत मला. ठेवला तर वर्षाच्या आत तो माणूस जातो."

"जिवंत माणसाचा," म्हातारी हळूच म्हणाली.

जाळ्याच्या ढिगावर बसलेल्या फिदेन्सिओ म्हाताऱ्याने तोंडातली काडी काढली. "ओदिलिया, समुद्र परत देणारा असता ना, तर माझी कवळी नऊ वर्षांपूर्वीच आली असती."

"तुमची कवळी मासेसुद्धा नकोच म्हणाले असतील, काका."

तो हसला. कास्तुला हसली नाही. "बूट घात करून गेले त्याचा. नवे कोरे, जड. समुद्रावर जाताना कुणी नवे बूट घालतं का? किती वेळा पोहायचा प्रयत्न केला असेल माझ्या लेकराने."

ओदिलिया पेले सरळ करू लागली. ते आधीच सरळ होते.

"दर रविवारी टेकडीवर जाऊन बसतेस," कास्तुला म्हणाली. "सगळा गाव बघतो. किती वाट बघशील? त्याला जागा मिळाली नाही, म्हणून तो भटकतोय. तीन वर्षं मी दाराला कडी लावली नाही, पोरी. रोज वाटतं, आज येईल. मला एकदा कडी लावून झोपू दे."

ओदिलियाच्या ओठांवर एक वाक्य आलं. तीन वर्षांत ते कितीदा तरी तिथवर आलं होतं. तिने म्हातारीच्या हाताकडे पाहिलं. फडकं पिळणारी ती बोटं आता पेलाही नीट धरत नव्हती. तिने वाक्य गिळलं.

तेवढ्यात पाकळ्यांच्या वाटेवरून सुलेमा धावत आली. कधी हात सोडवून घरी पळाली होती कोण जाणे. छातीशी तिने भिंतीवरचा फोटो धरला होता, खिळ्यासकट.

"सुलेमा! तो इकडे दे."

"बाबा वाट चुकला तर? सगळ्यांना जागा आहे, त्यालाच नाही." आणि ओदिलिया पोचायच्या आत तिने फोटो आठव्या जागेवर ठेवलाही.

पताका लावणाऱ्या बायकांचे हात थांबले. ओदिलियाने फोटो उचलायला हात पुढे केला, तर कास्तुलाने तिचं मनगट धरलं. त्या पकडीत काही जोर नव्हता. तरी तिला हात सोडवता येईना.

"लेकीने ठेवला," कास्तुला म्हणाली. "आता मेणबत्ती तू लाव. बस, मी आणखी काही मागत नाही."

फोटोतला एलिसेओ हसत होता. सगळा गाव तिच्याकडे पाहत होता, लेक पाहत होती आणि म्हातारीही.

एप्रनच्या खिशात फोन थरथरला. तिने तो अर्धवट बाहेर काढून वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि खिशात सरकवला. मग काडेपेटीतली काडी ओढली. वाऱ्याने ती विझली. दुसरी तिने ओंजळीत जपली आणि एलिसेओसमोरची मेणबत्ती लावली.

कास्तुला तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडू लागली, तीन वर्षांत पहिल्यांदा मोकळेपणी. खिशातल्या फोनचा पडदा अजून उजळलेला होता.

"एलिसेओ: यंदाही येणं जमत नाही. इथे बाळाला ताप आहे. आईला काही कळू देऊ नकोस."