थांबणारी गाडी

सोनपेठच्या बाजारात बन्सीधरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक पोरगा व्हिडिओ गेम खेळत होता, टीव्हीवर गाड्या फिरत होत्या. रस्त्यावर दिसतात तशाच गाड्या, फक्त टपावर मोठाले आकडे लिहिलेले. गोल रिंगणात त्या एकमेकींना घासत, ठोकत आणि पुन्हा पळत. बन्सीधर दुसऱ्या दिवशी हैदराबादला गेमची नवी कॅसेट बनवून आणायला निघणार होता. गेममध्ये काय काय पाहिजे ते गिऱ्हाइकांनीच सांगावं म्हणून तो कागद-पेन्सिल घेऊन बसला होता.

पंडित टेलरला हॉर्न पाहिजे होता. हॉर्नशिवाय गाडी चालवल्यासारखं वाटत नाही, असं त्याचं म्हणणं. सूर्यभान एसटी डेपोतला मेकॅनिक. त्याला चाक पंक्चर व्हायला पाहिजे होतं, म्हणजे जॅक घेऊन माणसं पळत येतील. कुणी म्हणालं, रिंगणात एखादी म्हैस सोडा. बन्सीधरनं म्हैससुद्धा लिहून घेतली.

"अन् पोचा ऱ्हायला पायजे," पंडित म्हणाला. "ठोकलं की गाडी पुन्हा कोरी. असं असतंय का कुठं? इचारा दत्तरावाला."

सगळ्यांनी मागं पाहिलं. दत्तराव जीपवाला बाकावर बसला होता. पोचा राहतो, एवढंच तो बोलला. आपल्या जीपचं मडगार्ड त्यानं परळीला नेऊन सरळ करून घेतलं होतं. सोनपेठात तीन मिस्त्री होते.

त्याच्या शेजारी आश्रुबा धनगर बसला होता, उजवा पाय समोर पसरून. तो पाय आता गुडघ्यात वळत नव्हता, आणि पौषापासून मेंढरांमागं जाणं बंद झालं होतं. दर बाजाराला दत्तराव त्याला आणि त्याच्या बायकोला, केवळाबाईला, वस्तीवरून जीपमध्ये घालून आणी आणि परत सोडी. भाडं घेत नसे. केवळाबाईनं त्याला कोकरांच्या पहिल्या लोकरीची घोंगडी दिली होती. असली घोंगडी धनगर विकत नाहीत, घरातल्या माणसाला देतात. दत्तरावानं ती ट्रंकेत घालून ठेवली होती. अंगावर कधी घेतली नव्हती.

आश्रुबानं आजवर गेमच्या बटणांना हात लावला नव्हता, पण तो गाड्या बारकाईनं बघत होता. ठोकणाऱ्या गाडीचं पुढं काय होतं, असं त्यानं बन्सीधरला विचारलं. काय व्हायचंय, जरा हलते आणि जाते निघून, बन्सीधर म्हणाला.

"मग ह्यात थांबायची सोय टाका म्हणावं," आश्रुबा म्हणाला. "उतरून बघता आलं पायजे, मागं कोण पडलंय ते."

सूर्यभान हसला. "मामा, थांबला की हारला."

"हारू द्या की. मला मागनं ठोकलं अन् गेलं. तोंडावर पडलो, गाडी बी दिसली न्हाई, नुसता धुराळा. मेंढरं वरडायलीत अन् मला उठता यीना. तेवढ्यात सोनपेठाकडून हे आले." त्यानं दत्तरावाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "उचलून दवाखान्यात घातलं. हे थांबले म्हणून मी हितं बसलोय. असली एक गाडी टाका म्हणावं."

दत्तराव त्या हाताकडं बघत राहिला. सोनपेठाकडून आला हे खरं होतं. आधी तो कालव्याच्या पुलापर्यंत गेला होता, आणि तिथून त्यानं जीप वळवली होती.

बन्सीधरला कल्पना आवडली. त्यानं कागद उलटा करून दोन चौकोन काढले. एक ठोकून पळणारी गाडी, एक थांबणारी. टपावर आकडे पाहिजेत, तर थांबणारीवर दत्तरावाच्या जीपचाच टाकू, असं तो म्हणाला. पंडितनं मान डोलावली. पळणारीवर काय लिहायचं, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तिला कोरीच ठिवा," सूर्यभान म्हणाला. "दत्तराव, सांगा तुमचा नंबर."

बन्सीधरनं पुन्हा विचारलं.

"दोन नका काढू," दत्तराव म्हणाला. "एकच गाडी काढा."

"एक कशी? ठोकणारी निराळी, थांबणारी निराळी."

"एकच हाय. पुलापस्तोर गेली अन् माघारी आली."

बन्सीधरची पेन्सिल कागदावर टेकलेली तशीच राहिली. खेळणारा पोरगा मागं वळून बघायला लागला, आणि पडद्यावरची गाडी भिंतीला घासत घासत चालत राहिली.

आश्रुबानं गुडघ्यावरचा हात काढून घेतला. पुलापासून तिथवर यायला किती वेळ लागतो, असं त्यानं विचारलं. फार नाही, दत्तराव म्हणाला. पुलावर थांबलो होतो, तो वेळ जास्त.

"केवळा गाडीत बसलीय," आश्रुबा म्हणाला. "तिला मी सांगायचा न्हाई. तुमीच सांगा."

दत्तराव उठून बाहेर आला. बाजार अजून भरलेला होता. जीप लिंबाखाली उभी होती आणि केवळाबाई पुढच्या सीटवर बसली होती. त्याला येताना बघून तिनं डोईवरचा पदर सारखा केला, आणि ड्रायव्हरच्या जागेवर ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली.