पत्र्याच्या आतले आजोबा

शांत घरात कुकरची शिट्टी झाली, तशी मृण्मयीने धावत जाऊन गॅस बंद केला आणि ती टीव्हीसमोर लेकीजवळ येऊन बसली. टीव्हीवर आता बाबा येणार होते.

जुन्या अंतराळमालिकेत तिचे बाबा पत्र्याच्या यंत्रमानवाच्या आत असत. ना कुणी चेहरा पाहिला, ना कुठे नाव आलं. ते गेल्यावर चाहत्यांनी वर्गणी काढून मालिकेवर माहितीपट केला होता. लोक पत्र्याला हसतील, एवढीच तिला धास्ती.

“अहो, नुसता पत्रा! पण त्याने मान खाली घातली की आम्ही पोरं घरोघर रडायचो,” पिकल्या मिशांचा एक चाहता माहितीपटात सांगत होता.

मग तालमीची टेप लागली. पत्र्याचं डोकं काढून घामाघूम बाबा हसले, त्यांनी हात हलवला. आजोबांना फक्त फोटोत पाहिलेल्या लेकीनेही हलवला.

“आई, त्यांना मी दिसले का गं?”