सर राहणार

“कबड्डी आहे ही, कॅरम नव्हे,” सोसायटीचे अध्यक्ष श्रीरंग देशमुख म्हणाले, आणि क्लबहाऊसमध्ये जमलेल्या पालकांतले दोघेतिघे चक्क हसले. “अंगाला हात लागणारच.”

क्लेमेंटीन हसली नाही. ती अजून उभीच होती. तिला बसा म्हणायचं कोणाला सुचलं नव्हतं. “खेळताना हात लागला असता तर मी इथं आलेच नसते,” ती म्हणाली. “खेळ संपल्यावरचं सांगतेय मी. मॅट आवरायला सर एकेकीला मागे ठेवतात. त्या सामानाच्या खोलीत. माझी ॲनिशा तिथून आली ना, की आधी मोरीत जाते. अर्धा अर्धा तास अंगावर पाणी ओतत बसते.”

आता हसू थांबलं. पण गप्प बसणं वेगळं आणि पटणं वेगळं. ॲनिशाला मागच्याच महिन्यात संघाच्या मुख्य सातांतून काढलं होतं, हे सगळ्यांना एकदम आठवलं. कोणीतरी ते बोलूनही दाखवलं. “पोरीचा राग असेल हो. या वयात मुली काहीही मनात घेतात.” मग एकेकाला कंठ फुटला. गुरुदत्त सरांनी एव्हरशाईन सोसायटीच्या मुलींना शून्यातून इथवर आणलं. जिल्ह्याची निवड तोंडावर आली आहे. खेळाच्या कोट्यातून पोलिसात नोकरी लागते, रेल्वेत लागते. आणि असलं काही बाहेर गेलं तर नाव कोणाचं खराब होणार? सरांचं नाही, आपल्याच मुलींचं. हे शेवटचं वाक्य तर सगळ्यांना फारच पटलं.

शहाण्यांची सभा होती ती. सभा चालू असताना मुलींकडे कोणी बघायचं, असा प्रश्न निघाला, तेव्हा या शहाण्यांनी सरांनाच मैदानावर थांबायला सांगितलं होतं. त्यांची शिट्टी खिडकीतून अधूनमधून ऐकू येत होती.

लतिका मागच्या खुर्चीवर होती. तिची उन्नती आणि ॲनिशा एकाच वर्गातल्या. दोघी एकमेकींच्या वेण्या घालायच्या, एका डब्यातलं खायच्या. महिनाभर ॲनिशा घरी फिरकली नव्हती, आणि लतिकाला वाटलं होतं, पोरींचं काहीतरी बिनसलं असेल. आज क्लेमेंटीन बोलायला लागल्यापासून ती मनात हिशेब मांडत होती. सर गेले तर उन्नतीची निवड गेली. नवा माणूस येऊन संघ बसवीपर्यंत वर्ष वाया. आणि सर राहिले, आणि ही बाई खरं बोलत असली तर? पुढचा विचार करायची तिची हिंमत होईना.

पण तिच्याकडे उत्तर होतं. आदल्या संध्याकाळी मीटिंगचा मेसेज आला, तेव्हाच तिने पोळ्या लाटता लाटता उन्नतीला विचारलं होतं, “सर तुला कधी काही त्रास नाही ना देत?” उन्नतीने ताटातून मान वर केली नव्हती. “नाही,” म्हणाली होती. लतिकाने लगेच हात धुऊन देवापुढे दिवा लावला होता. एवढा जीव हलका झाला होता तिचा.

“मग हात वर करूनच ठरवू,” देशमुख म्हणाले. “सरांवर विश्वास आहे, त्यांनी हात वर करा.”

हात वर होऊ लागले. काही पटकन, काही शेजारच्याचा बघून. देशमुखांनी मागे पाहिलं. “उन्नतीच्या आई, तुमचं काय?”

क्लेमेंटीनही तिच्याकडे बघत होती. सगळ्या खोलीत लतिका एकटीच अशी होती, जिच्या घरी ॲनिशाने हक्काने ताट मागून घेतलं होतं. लतिकाने मान खाली घातली आणि हात वर केला.

क्लेमेंटीनने पर्स खांद्याला लावली. दारात ती लतिकापाशी थांबली. आवाजात राग नव्हता, तेच लतिकाला जास्त लागलं. “बाये, घरी आपल्या पोरीला तरी विचार गं.”

“विचारलंय मी,” लतिका म्हणाली.

क्लेमेंटीनने मान हलवली आणि ती गेली. तिच्याबरोबर जिना उतरायला कोणीही उठलं नाही.

खाली मैदानावर देशमुखांनी सरांचा हात हातात घेऊन दाबला. “गैरसमज होता, मिटला,” असं काहीसं ते बोलले. सर नम्रपणे हसले. मुली घोळक्याने उभ्या राहून हे सगळं पाहत होत्या. लतिकाने उन्नतीला हाक मारली आणि दोघी घराकडे निघाल्या.

“काय ठरलं?” उन्नतीने विचारलं.

“सर राहणार.” लतिकाने ते आनंदाची बातमी द्यावी तसं सांगितलं. “तुझी निवड काही चुकत नाही आता.”

उन्नती पायातल्या बुटांकडे बघत चालत राहिली. मग म्हणाली, “ॲनिशाच्या मम्मीच्या बाजूने कोणीच नव्हतं?”

“नाही गं. सगळ्यांचं एकच मत पडलं.”

“तुझं पण?”

“अगं, तूच म्हणालीस ना काल, काही त्रास नाही म्हणून? तुझ्या शब्दावर तर मी हात वर केला.”

उन्नती थांबली. रडली नाही. एखादा डाव फसला, आता पुढे काहीच करण्यासारखं नाही, अशा थकल्या आवाजात तिने आईला सांगितलं:

“आमचं ठरलं होतं, आई. आधी ॲनिशा सांगणार. तिचं तुम्ही खरं मानलंत, तर मग मी.”